नाव बाहेर, आकडे आत

“मॅडम, या लॅबमधले कॉम्प्युटर जास्त म्हातारे की तुम्ही?”

प्रश्न तोंडातून सुटला आणि लॅब अशी चिडीचूप झाली की छताच्या पंख्यालाही आपल्या कुरकुरीची लाज वाटली असेल. गोगी उभी होती. मागच्या रांगेत पोपट आणि आजीबाई या तिच्या दोन जिवलग मैत्रिणी एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून गदगदत होत्या. पैज त्यांचीच होती. हा प्रश्न विचारलास तर आठवडाभर तुझं दप्तर आम्ही उचलू, असं त्यांनी शपथेवर सांगितलं होतं. ती विचारणार नाही, याची त्यांना शपथेपेक्षा जास्त खात्री होती.

खात्री वाटायला कारणही तसंच होतं. पाचवीत असताना ही मुलगी इतकी कमी बोलायची की वर्गाने तिचं नाव गोगलगाय ठेवलं, आणि जिभेला फार कष्ट नकोत म्हणून पुढे त्याची गोगी झाली. चार वर्षं ती त्या नावाला इमानाने जागली. पाणी प्यायला जाऊ का, हे विचारायचीसुद्धा तिला चोरी, त्यामुळे ती तहानलेलीच बसायची. मग यंदा नववीत वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी वर्गाच्या वक्त्याचा घसा बसला आणि बाईंनी हाताला लागेल त्या मुलीला स्टेजवर ढकललं. हाताला लागली ती गोगी. पहिलं मिनिट तिने नुसतं माइककडे बघण्यात घालवलं. दुसऱ्या मिनिटाला ती बोलायला लागली, आणि सातव्या मिनिटाला घंटा वाजवणाऱ्या सरांना स्वतः उठून तिच्या हातातून माइक घ्यावा लागला. गोगलगाय न् पोटात पाय म्हणतात ते काही खोटं नाही. तेव्हापासून ते पाय बाहेर आलेत, ते परत आत जायचं नाव घेत नाहीत.

तरी कॉम्प्युटरच्या मॅडम म्हणजे साधं काम नव्हतं. त्यांनी चष्म्याच्या वरून एकदा बघितलं की दहावीची मुलंसुद्धा आपसूक शर्ट खोचायची. आता त्यांनी तसंच बघितलं.

“मी म्हातारी,” मॅडम म्हणाल्या. “पण आम्ही सगळेच अजून वेळेवर उठतो आणि दिलेलं काम करतो. ते कसं जमतं, हा खरा प्रश्न. तो विचारायचा राहिला तुझा.”

गोगीने एकच प्रश्न पाठ करून आणला होता. त्यामुळे तिने मॅडमनी दिलेलाच विचारून टाकला.

मॅडमनी तिला पुढे बोलावलं. पोपटाला वाटलं, आता हिचा कान जातोय. पण मॅडमनी सगळ्यात जुन्या कॉम्प्युटरसमोरची खुर्ची ओढून तिला बसवलं आणि सांगितलं, की यंत्र काही म्हातारं होत नाही, त्याच्या डोक्यावरचं ओझं वाढत जातं. आजोबांच्या डोक्यावर हमालाचं गाठोडं दिलं तर ते मटकन बसणारच. गाठोडं उतरवा, मग बघा कसे चालतात ते. या लॅबमधल्या सगळ्या मशीनवर लिनक्स होतं. ते जगभरच्या हजारो लोकांनी मिळून बनवलंय, कुणीही घ्यावं, उघडून बघावं, हवं तसं बदलावं. त्यातले काही प्रकार तर मुद्दाम जुन्या यंत्रांसाठी हलके केलेले असतात.

गोगीच्या डोळ्यांसमोर घरचा लॅपटॉप उभा राहिला. उभा राहिला म्हणजे भिंतीला टेकूनच, कारण त्याच्या पडद्याची एक बिजागरी तुटलेली होती.

तो आईचा लॅपटॉप. बटण दाबायचं, चहा टाकायचा, गाळायचा, प्यायचा, कप विसळून ठेवायचा, तेव्हा कुठे तो डोळे उघडायचा. आणि उघडल्यावरही असा बघायचा, की कशाला उठवलंत. बाबांनी तर तो भंगारात द्यायचं ठरवूनच टाकलं होतं. पण त्यात आईची मापं होती.

आई शिवणकाम करायची. घराची पुढची खोली म्हणजे तिचं दुकान: खिडकीशी मशीन, मधे बेतायचं लांबलचक टेबल, भिंतीला कापडाचे तागे, आणि सगळीकडे खडू. गडद कापडावर पांढरा, फिक्यावर निळा. पण आईचा खडू कापडावर थांबायचा नाही. गॅसची टाकी कधी लावली ते टाकीवर खडूने, औषध किती उरलं ते बाटलीवर खडूने, गोगीची उंची दाराच्या चौकटीवर खडूने. या घरात खूण करायची म्हणजे खडूनेच, दुसरं काही कुणाला सुचायचंच नाही.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. लिफ्ट कधी एका दोरावर लटकत नसते, हे त्यांचं जगण्याचं तत्त्व. म्हणून घरात प्रत्येक वस्तू दोन: एकसारख्या दोन छत्र्या, एकसारखे दोन टॉर्च, एकसारखे दोन थर्मास. नशीब लग्न एकदाच केलंत, असं आई म्हणायची, आणि बाबा म्हणायचे, ते तपासून घेतलं होतं.

तर त्या आईला या महिन्यात आजवरचं सगळ्यात मोठं काम मिळालं होतं. गावच्या बँडचे बेचाळीस गळाबंद कोट. माप घ्यायला ती सरावाच्या हॉलवर गेली तेव्हा बँडमास्तर तिला म्हणाले होते, की आधीच्या शिंप्याने आम्हाला तीन-तीनदा बोलावलं आणि तरी ट्रम्पेटवाल्याची बाही कोपरापर्यंतच आली. त्यावर आई सगळ्या बँडसमोर म्हणाली होती, “माझ्याकडे एकदा माप दिलं की दुसऱ्यांदा टेप लागत नाही.” गोगी तेव्हा टेपचं दुसरं टोक धरून उभी होती. बँडवाल्यांनी हे वाक्य ऐकून झांजा वाजवल्या होत्या.

आईची मापं ठेवायची एक रीत होती. पूर्वी ती प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पाकीट करायची: नाव पाकिटावर, आकडे आतल्या चिठ्ठीवर. लॅपटॉप आल्यावर तिने तेच चालू ठेवलं. एका माणसाची एक फाइल, फाइलला माणसाचं नाव, आणि आत नुसते आकडे. एका मोठ्या तक्त्यात सगळे बसतात असं बाबांनी तिला दाखवून बघितलं होतं. तिने विचारलं, दोन माणसं एका कोटात बसतात का? तिथे तो विषय संपला.

शुक्रवारी संध्याकाळी गोगीने लिनक्सचा बेत जाहीर केला तेव्हा आई बँडचं कापड मोजत होती. गुरुवारी कात्री लावायची होती. तिने तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि एवढंच सांगितलं, की माझी मापं जाता कामा नयेत, बाकी त्या डब्याचं काय हवं ते कर.

मॅडमनी दोन पेनड्राइव्ह लागतील असं सांगितलं होतं. एकावर आईची मापं उतरवून ठेवायची, आणि दुसऱ्यावरचं सगळं पुसून तिथे लिनक्स भरायचं. बाबांनी खणातून दोन काढून दिले. अर्थातच जुळे: दोन्ही काळे, आणि दोन्हींत तेच जुने सिनेमे, तेच लिफ्टचे फोटो. एक पूस खुशाल, दुसऱ्यात सगळं आहेच, असं सांगताना आपलं तत्त्व कामी आल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. गोगीने एकावर आईच्या सगळ्या फाइली उतरवल्या, त्यातल्या दोन उघडून बघितल्या, आणि खात्रीसाठी त्या पेनड्राइव्हवर फुली मारली. कशाने, ते सांगायला नकोच.

शनिवारी शाळेत न्यायला एकच लागणार होता. पण बाबा म्हणाले, एक नेशील तर दोन ने, ऐन वेळी एखादा बिघडला तर? म्हणून दोन्ही स्कर्टच्या खिशात गेले. गोगी त्या दिवशी शाळेपर्यंत चालली नाही, उड्या मारत गेली. मॅडमनी विचारलं, मापं उतरवलीस ना? उघडून बघितलीस ना? गोगीने दोन्हींना हो म्हटलं, आणि ते खरंच होतं. मग तिने खिशातून पेनड्राइव्ह काढले. एकावर पांढरट ओरखडा दिसत होता, तो तिने परत खिशात टाकला. दुसरा स्वच्छ होता, तो मॅडमच्या हातात दिला. दहा मिनिटांत त्यावर लिनक्स भरलं गेलं. पैज हरलेल्या पोपटाने तिचं दप्तर घरापर्यंत आणलं आणि वाटभर विचारलं, यात दगड भरलेत का.

रविवारचा दिवस तिने पुढे कितीतरी वेळा मैत्रिणींना रंगवून सांगितला. सकाळी अंघोळ करून ती अशी बसली की जणू ऑपरेशन करायचंय. मॅडमच्या सूचनांचा कागद एका बाजूला, बाबा दुसऱ्या बाजूला टॉर्च घेऊन. भर उजेडात टॉर्च कशाला, हे कुणी विचारलं नाही. आधी काही न बसवता लिनक्स नुसतं चालवून बघायची सोय होती. तिने पेनड्राइव्ह लावला, बटण दाबलं, आणि सवयीने चहा टाकायला उठली. बाबांनी हाक मारली तेव्हा पातेल्याखालचा गॅससुद्धा पेटला नव्हता. पडद्यावर निळं आकाश आलं होतं. वायफाय सापडलं, आवाज आला, आणि तीन वर्षं मेलेला कॅमेरासुद्धा उघडला. त्यात बाबांचं अर्धं नाक आणि टॉर्च दिसला.

मग तिने खरोखरचं बसवायला घेतलं. मधे एका पाटीवर लॅपटॉपने विचारलं, इथलं सगळं पुसून टाकू का? गोगीने खिसा चाचपला, फुलीवाला आहे याची खात्री केली आणि हो म्हटलं. अर्ध्या तासात काम झालं.

आणि मग तिला काळ्या खिडकीचा शोध लागला. तिथे शब्द टाइप करून हुकूम द्यायचा आणि लॅपटॉपने तो मुकाट्याने पाळायचा. घरात आजवर तिचं इतकं कुणी ऐकलं नव्हतं. तारीख विचारली, तारीख सांगितली. एक खेळ मागवला, तर त्याने पासवर्ड मागितला. ती टाइप करायला लागली आणि पडद्यावर काहीच उमटेना. अक्षर नाही, ठिपका नाही. कीबोर्ड गेला म्हणून तिने बाबांना हाक मारली. बाबांनी लॅपटॉप उलटा करून झटकला, बिस्किटाचा चुरा आणि एक टाचणी पडली, पण पासवर्ड काही दिसेना. शेवटी कागदावर मॅडमची बारीक अक्षरातली ओळ सापडली: पासवर्ड लिहिताना काही दिसत नाही, घाबरू नकोस, लिहीत राहा. गोगी इतकी हसली की आई मशीन थांबवून बघायला आली. हा तोच डबा का, असं विचारून तिने लॅपटॉपला खालून-वरून निरखलं आणि म्हणाली, चला, आता माझी मापं टाक त्यात.

गोगीने फुलीवाला पेनड्राइव्ह लावला. आई तोवर मशीनशी परत गेली होती, हे एक बरं झालं.

त्यात सिनेमे होते. लिफ्टचे फोटो होते. मापं नव्हती. तिने पुन्हा बघितलं, काढून लावलं, पुन्हा बघितलं. मग पेनड्राइव्ह उजेडात धरला. त्यावर फुली नव्हतीच. नुसता पांढरा फराटा होता. तिने खुंटीवरच्या शाळेच्या स्कर्टचा खिसा बाहेर ओढला. आतलं अस्तर पांढरंफेक झालं होतं.

शिंप्याचा खडू असतोच मुळी झटकला की जावा म्हणून. हे या घरातल्या मांजरालाही माहीत होतं. खिशात उड्या मारता मारता फुली एकावरून पुसली गेली होती आणि दुसऱ्याला लागली होती. मापं असलेला पेनड्राइव्ह तिने स्वतःच्या हाताने मॅडमना पुसायला दिला होता, आणि लॅपटॉप पुसायला पुन्हा स्वतःच हो म्हटलं होतं. बेचाळीस माणसं दोनदा पुसली होती. कापड टेबलावर आलेलं, गुरुवार चार दिवसांवर, आणि आईने सगळ्या बँडसमोर दिलेला शब्द.

पुढच्या खोलीतून आईने विचारलं, झालं का? गोगीच्या तोंडून उत्तर गेलं, उद्या टाकते. ते खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं.

सहा वाजता ती पोपट आणि आजीबाईला घेऊन जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली आणि सगळं सांगितलं. पोपटाचा सल्ला तयारच होता. लॅपटॉप म्हातारा आहे, त्यानेच मापं खाल्ली म्हणून सांग, तुझ्यावर कोण संशय घेणार? हे फारच सोपं होतं. खरंच कुणी संशय घेतला नसता. बाबा उलट म्हणाले असते, मी आधीच सांगत होतो. आजीबाईने बराच वेळ नखं खाल्ली आणि मग विचारलं, “पण मग तुझं लिनक्स चांगलं चाललंय, हे कोण मानणार?” वर घरात बाबा आईला नव्यासारखा झालेला लॅपटॉप दाखवत होते, आणि आई हसत होती.

सोमवारी मधल्या सुट्टीत गोगी डबा न खाताच लॅबमध्ये गेली. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, एकच विचारलं: “त्या पेनड्राइव्हवर त्यानंतर काही भरलंस?” नव्हतं भरलं. “मग बस.”

त्यांनी समजावलं, की पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली आणि पुढची काही पानं दुसऱ्या मजकुराने भरली, तरी मागची पानं जागेवरच असतात. फक्त कुठल्या पानावर काय आहे, ते कुणाला सांगता येत नाही. लिनक्स पेनड्राइव्हच्या पुढच्या भागात बसलं होतं. त्या जागी आधी कोण होतं? बाबांचे सिनेमे. घाव त्यांनी झेलला होता. आईची मापं शेवटी उतरवलेली, म्हणून ती मागे होती. मॅडमनी लॅबच्या त्याच जुन्या मशीनवर, त्याच काळ्या खिडकीत एक हुकूम दिला आणि मशीन पान न् पान चाळायला बसलं. सुट्टी संपली, पुढचा तास गेला. चित्रकलेच्या बाईंना मॅडमनी स्वतः चिठ्ठी पाठवली. आणि पडद्यावर एकेक फाइल वर यायला लागली. गोगीला वाटलं, मॅडमना मिठी मारावी. तेवढी हिंमत अजून तिच्यात आली नव्हती.

पण वर आल्या त्या फाइलींना नाव नव्हतं. नावं अनुक्रमणिकेबरोबर गेली होती. फाइलवर कुठलातरी लांबलचक नंबर, आणि आत नुसते आकडे. आईची रीतच तशी होती. कॉलरचं माप फक्त बँडच्या कोटांना होतं, त्यावरून गोगीने बँडची माणसं वेगळी काढली. अडतीस भरली. चार जण कायमचे गेले होते, आणि उरलेल्या अडतिसांमध्ये कोण कोण आहे ते देवाला माहीत. मॅडमनी सगळ्यांची छपाई काढून दिली. निघताना म्हणाल्या, इथून पुढचं काम कॉम्प्युटरचं नाही.

घरी आई बाहीला अस्तर लावत होती. बाबा नुकतेच कामावरून येऊन हाताचं ग्रीस साबणाने घासत होते. गोगीने कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं: खडू, खिसा, फराटा, पुसलेला पेनड्राइव्ह, पुसलेला लॅपटॉप. एरवी सात मिनिटं पुरायची नाहीत, आज दोन मिनिटांत संपलं. आईने दातांनी दोरा तोडला.

“काल का नाही बोललीस?”

“भीती वाटली.”

“आणि आज?”

“आजही वाटतेय.”

बाबा ओल्या हातांनीच उभे राहिले. कागदावर बोटं उमटतील म्हणून त्यांनी ते हात पाठीमागे धरले. मग आईने चष्मा लावला, वरचा कागद उचलला आणि दिव्याखाली धरला.

“छाती अडतीस, पोट चव्वेचाळीस, बाही आखूड,” तिने वाचलं. तिने आकड्यांवरून बोट फिरवलं. “हा मोठा ड्रमवाला. पट्टा पोटाच्या वर बांधतो तो.”

गोगीने श्वास सोडायच्या आत तिने दुसरा उचलला होता. डावा खांदा उजव्यापेक्षा पाऊण इंच खाली होता. म्हणजे ट्रॉम्बोनवाल्या काकू, जन्मभर त्याच खांद्यावर ते धूड. तिसऱ्याची छाती छत्तीस आणि कॉलर चक्क साडेसतरा. बाबा म्हणाले, ही नक्की चूक आहे. आई म्हणाली, चूक कसली, हा पहिला ट्रम्पेटवाला. फुंकताना मान फुगते त्याची, म्हणून मी त्याला फुंकायला लावून माप घेतलं होतं. गोगीला एकदम आठवलं. टेपचं टोक धरून तीच उभी होती, आणि पुढचा तासभर तिचे कान बधिर होते.

मग खेळच सुरू झाला. आई आकडे वाचायची आणि माणूस टेबलाशी येऊन उभा राहायचा. हा वाकून चालतो. हिचे दंड बघ, झांजा वाजवून वाजवून झालेत. हा उंच, पण सगळी उंची पायात. बाबा पैजा लावायला लागले आणि प्रत्येक पैज हरले. गोगी लिनक्सवर एकेकाची नवी फाइल करत होती, आणि या वेळी नाव बाहेरही लिहीत होती आणि आतही. आईने ते बघितलं. दोन माणसं एका कोटात बसतात का, असं काही ती म्हणाली नाही.

एका कागदावर आई थबकली आणि तिला हसू फुटलं. कमरेच्या आकड्यापुढे छोटासा दोन होता. “हे बँडमास्तर. पोट आत ओढून उभे होते. मी त्यांच्या नकळत दोन इंच वाढवून लिहिलं.” यावर बाबांना इतकं हसू आलं की त्यांना स्टूल शोधावं लागलं. आणि ते बसल्यावर गोगीच्या लक्षात आलं, की आपणही मघापासून उभ्याच आहोत.

साडेसात वाजेपर्यंत पस्तीस जणांना त्यांची नावं परत मिळाली. तीन कागद उरले. ती क्लॅरिनेटच्या रांगेतली तीन काडीपैलवान मुलं होती, तिघंही सारखी, तिघांची कंबर अर्ध्या इंचाच्या आत-बाहेर. तिथे आईनेही हात टेकले. ते तीन, आणि पूर्ण गेलेले चार, म्हणजे सात. बाकी जुनी गिऱ्हाइकं जी गेली ती गेली. त्यांची पोटं तशीही दर वर्षी बदलतात, आई म्हणाली.

सात म्हणजे फार नव्हते. पण त्या सातांना टेप पुन्हा लागणारच होती. आईने चष्मा काढून डोळे चोळले. बँडमास्तरांना काय सांगायचं, याचा विचार तिच्या कपाळावर स्पष्ट दिसत होता. बाबा म्हणाले, सांगून टाक, कागद भिजले. आई म्हणाली, नाहीतर कापड धुतल्यावर आटलं असं सांगते, कपड्याचा धंदा आहे, होतं असं. उद्या सकाळी फोन करते. लेकराला कशाला मधे आणायचं.

गोगीने लॅपटॉप मिटला. अलगद, कारण बिजागरी अजून तुटलेलीच होती.

“आई, फोन करू नकोस,” ती म्हणाली. “बुधवारी सहाला त्यांचा सराव असतो, मी जाणार आहे. सातही जणांची मापं मी घेणार, मला येतात. आणि बँडमास्तरांना सगळ्यांसमोर सांगणार, की आईने मापं एकदाच घेतली होती आणि बरोबर घेतली होती, पुसली ती मी. त्यांना हसायचं तर हसू देत. बाबा, तुम्हीही सोडायला यायचं नाही. मी एकटी जाणार.”